लिनक्सवरून मेनफ्रेमच्या प्रिंटरवर रिपोर्ट काढायला कोणता ड्रायव्हर टाकू?

ड्रायव्हर शोधत बसू नका. मेनफ्रेमच्या, म्हणजे त्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाच्या, ऑपरेटरला गाठा आणि एवढंच विचारा: पहिला कॉलम छापायचा की नाही?

मुंबईतल्या एका विमा कंपनीत मी रात्रपाळीचा ऑपरेटर होतो. नव्या लिनक्स सर्व्हरवरून पॉलिसींची यादी एफटीपीने आमच्याकडे यायची. डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) एफबीए प्रकारचा, ओळीची लांबी १३३ अक्षरं, तिथून मेनफ्रेमची कामं सांभाळणाऱ्या जेईएसच्या स्पूलवर, म्हणजे छपाईच्या रांगेत, आणि मग लाइन प्रिंटरला. पहिल्याच रात्री प्रिंटर एकेक ओळ छापून पान फेकत सुटला. बघता बघता अर्धी पेटी कागद जमिनीवर. एक पान उचलून पाहिलं, तर १०४५ ने सुरू होणारा पॉलिसी नंबर ०४५ असा छापलेला. पुढच्या पानावरही तेच, पहिला १ गायब.

एफबीएमध्ये ओळीतलं पहिलं अक्षर छापलं जात नाही, तो प्रिंटरला हुकूम असतो. १ म्हणजे नवं पान. ० म्हणजे एक ओळ सोडा, उणे चिन्ह म्हणजे दोन सोडा, अधिक चिन्ह म्हणजे आधीच्याच ओळीवर छापा. मोकळी जागा म्हणजे साधी पुढची ओळ. आमचे बहुतेक नंबर १ ने सुरू व्हायचे!

सकाळी मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. लिनक्सच्या टीम लीडने ऐकूनही घेतलं नाही. "प्रिंटर जुना झालाय, बदला," विषय संपला. आठवडाभर कागद वाया गेला. शेवटी त्यांच्याच टीममधल्या एका मुलीने सेडची (लिनक्सवर मजकूर बदलणारी कमांड) एक ओळ लिहून प्रत्येक ओळीआधी स्पेस टाकली. त्या रात्री यादी सरळ आली. प्रिंटर तोच होता.

तुमच्याकडे एफटीपीऐवजी थेट पाठवायचं असेल, तर कप्समध्ये (लिनक्सची छपाईची व्यवस्था) एलपीडीची, म्हणजे नेटवर्कवरून छपाई पाठवायच्या पद्धतीची, रांग करा, पोर्ट ५१५. समोर मेनफ्रेमवर ही छपाई स्वीकारणारा इन्फोप्रिंट सर्व्हर चालू हवा आणि रांगेचं नाव तिकडूनच घ्या. हुकमाचं पहिलं अक्षर सोडून ओळ १३२ अक्षरांत बसवा.

हे सगळं साध्या टेक्स्टपुरतं. पीडीएफचा मामला वेगळा. रांगेला कॅरेज कंट्रोल (पहिल्या अक्षराला हुकूम मानणं) नसेल तर स्पेस घालू नका. आणि मेनफ्रेमचं कोड पेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, १०४७ असेल तर त्यात देवनागरी नाही, नावं इंग्रजीतच पाठवा.

तरीही कुणी प्रिंटर बदलायला निघालं, तर छापलेलं पान त्याच्यासमोर ठेवा आणि पहिला आकडा कुठे गेला ते विचारा.