बाई, आभाळाचं घड्याळ मागे पडलंय का?

बाई, मी रोज पहाटे वेताळ टेकडीवर जातो. २१-२२ डिसेंबरला सर्वांत लहान दिवस, मग दिवस वाढत जातो, हे तुम्हीच भूगोलाच्या तासाला शिकवलंत. तर जानेवारीत टेकडीवर डिसेंबरपेक्षा जास्त अंधार कसा? – एक माजी विद्यार्थी, पौड रस्ता

तुम्ही पाहिलंत ते बरोबर, आणि मी शिकवलं तेही बरोबर. दिवस वाढतो एवढंच आम्ही शाळेत सांगतो. तो कुठल्या टोकाला वाढतो, ते सांगायला पस्तीस मिनिटांचा तास पुरत नाही.

पुण्याचे आकडे घ्या, एखाद मिनिट इकडेतिकडे धरून. वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त २४ नोव्हेंबरच्या सुमारास, ५.५६ ला. २१ डिसेंबरला सूर्य उगवतो ७.०२ ला आणि मावळतो ६.०३ ला. २० जानेवारीला उगवतो ७.१० ला, मावळतो ६.२१ ला. म्हणजे महिन्याभरात दिवस दहा मिनिटांनी वाढला खरा. पण संध्याकाळच्या पदरात अठरा मिनिटं पडली आणि सकाळची आठ गेली. तुम्ही पहाटे जाता म्हणून तुम्हाला तोटाच दिसला. संध्याकाळी जाणाऱ्यांनी मला कधी पत्र लिहिलेलं नाही.

याची मेख दुपारी आहे. उदय आणि अस्त यांच्या मधोमध सूर्य सर्वांत उंच येतो, ती खरी दुपार. पुण्यात ती बारा वाजता होतच नाही. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखावृत्ताची आणि पुणे ७३.९ अंशांवर. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने आपली दुपार सरासरी १२.३५ ला. (ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. पुणेकरांनाच हट्टी म्हणतात, असो.)

पण ही झाली सरासरी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरी दुपार १२.१८ ला होते आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२.४९ ला. कारणं दोन. पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. तोवर ती सूर्याभोवतीही अंशभर पुढे गेलेली असते, म्हणून तोच सूर्य पुन्हा डोक्याशी आणायला आणखी साधारण चार मिनिटं वळावं लागतं. हे ‘साधारण’ रोज बदलतं. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि वेगही जास्त, सेकंदाला ३०.३ किलोमीटर. जुलैत हाच वेग २९.३. जास्त पुढे गेली, तर जास्त वळायला हवं. दुसरं कारण पृथ्वीच्या आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलाचं. मार्च-सप्टेंबरात सूर्याची ताऱ्यांमधली रोजची चाल थोडी उत्तर-दक्षिणेत खर्ची पडते. डिसेंबर-जूनमध्ये ती जवळजवळ सगळी पूर्वेकडे होते. डिसेंबरात दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढतात आणि एका खऱ्या दुपारपासून दुसरीपर्यंत २४ तासांवर अर्धा मिनिट जास्त लागतो. त्या दिवसांत दिवसाची लांबी रोज जेमतेम काही सेकंदांनी बदलते. दुपार रोज अर्धा मिनिट उशिरा, तिच्यामागे सूर्योदयही उशिरा. जानेवारीच्या उत्तरार्धात वाढीला जोर चढतो, तेव्हा कुठे सकाळ सावरते.

सदाशिव पेठेतल्या आमच्या गच्चीवर एक लोखंडी पाइप उभा आहे. पूर्वी त्यावर अँटेना होता. दर एक आणि पंधरा तारखेला १२.३५ ला मी त्याच्या सावलीच्या टोकाशी ऑइलपेंटचा ठिपका देते. फेब्रुवारीतला ठिपका उत्तररेषेच्या पश्चिमेला पडतो, कारण घड्याळात १२.३५ झाले तरी सूर्य अजून पूर्वेलाच असतो. नोव्हेंबरातला पूर्वेला. पावसाळ्यातले काही गळतात, तरी वर्षभराचे जोडले की लांबट इंग्रजी आठचा आकडा तयार होतो. १४ मेच्या आसपास १२.३१ ला पाइपाची सावली त्याच्या बुडाशीच जिरते आणि मग जुलैअखेरपर्यंत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. शून्य सावलीचा हा मेमधला दिवस चुकवू नका. २९-३० जुलैचा दुसरा बहुधा ढग खातात.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, त्याबद्दलही तुम्ही ताजा कलम टाकला आहे. वाढ २२ डिसेंबरपासूनच सुरू होते. संक्रांत आपण ताऱ्यांवरून मोजतो आणि पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे संक्रांत आणि उत्तरायण, म्हणजे दिवस वाढायला लागतो तो दिवस, या दोघांत दर ७२ वर्षांना सुमारे एक दिवसाचं अंतर पडत जातं. सतराशे-साडेसतराशे वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकर संक्रांत एकाच दिवशी होती. तिळगूळ मात्र १४ लाच खा.

नागपूरची माझी जाऊ संकष्टीला माझ्याआधी वीस-बावीस मिनिटं उपास सोडते. चंद्र एकच ना? आणि तो कधी साडेआठला उगवतो, तर कधी दहा वाजून गेले तरी पत्ता नसतो. – एक वाचक, नारायण पेठ

जाऊबाईंवर रागावू नका. नागपूर पुण्याच्या सव्वापाच अंश पूर्वेला आहे, म्हणजे एकवीस मिनिटं. सूर्यही त्यांच्याकडे तेवढाच आधी येतो, पण तेव्हा कुणाच्या पोटात कावळे ओरडत नसतात.

दुसरा भाग जास्त मजेचा. वद्य चतुर्थीला चंद्र सूर्याच्या बरोबर समोरच्या जागेपासून ३६ ते ४८ अंश पूर्वेला सरकलेला असतो. म्हणून तो सूर्यास्तानंतर अडीच ते सव्वातीन तासांनी उगवतो, हे ढोबळमानाने. पुण्यात सूर्यास्तच नोव्हेंबरात सहाच्या आत आणि जुलैत सव्वासातला, तेव्हा सव्वा तासाचा फरक इथेच पडला. शिवाय चतुर्थी वीस ते जवळजवळ सत्तावीस तासांची असू शकते. चंद्रोदय तिच्या आरंभी आला की लवकर, शेवटाला आला की उशिरा.

आणखी एक गोम आहे. भाद्रपद-आश्विनात पौर्णिमेनंतरचा चंद्र रोज थोडा उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे त्याचा रोजचा उशीर कमी, चाळीस मिनिटांच्या आसपास. फाल्गुन-चैत्रात तो दक्षिणेकडे जातो आणि उशीर पंचावन्न मिनिटांकडे झुकतो. चैत्रातली संकष्टी रडवते ती यामुळे. मोदक उकडायला उशिरा घ्या, एवढाच उपाय.

आमची गॅलरी दक्षिणेला आहे. उन्हाळ्यातली पौर्णिमा मस्त दिसते, मार्गशीर्षातला चंद्र मात्र मध्यरात्री दिसतच नाही. – एक वाचक, धनकवडी

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून सूर्य उत्तरेला तेव्हा तो दक्षिणेला. ज्येष्ठातला चंद्र दक्षिणेकडे खालून जातो आणि गॅलरीत येतो. मार्गशीर्षातला माथ्यावर चढतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब तुमच्या आड येतो.

त्यात चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आणि तो कलही १८.६ वर्षांत फिरतो. २०२५ च्या आसपास मार्गशीर्षातला चंद्र पुण्याच्या माथ्याच्याही दहा अंश उत्तरेला जात होता, म्हणजे मध्यरात्री चांदण्यातली तुमची सावली दक्षिणेला. २०३४ च्या सुमारास त्याची उत्तरेकडची मजल १८.३ अंशांवर थांबेल. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. चंद्र अगदी टाळूवर असेल, गॅलरीचा काही उपयोग नाही. गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींकडे आतापासूनच अर्ज देऊन ठेवा.