‘निकाली काढली’ म्हणजे नेमकं काय केलं?

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: “गल्लीतला पथदिवा बंद असल्याची तक्रार ऑनलाइन नोंदवली. काही दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’. दिवा अजून बंदच आहे. इथे ‘निकाली’ हा शब्द चुकला का? की त्यांना ‘निकालात काढली’ म्हणायचं होतं?”

दुसऱ्या प्रश्नातला टोमणा पोचला! पण शब्द चुकलेला नाही. तुम्ही तो एका अर्थाने वाचलात आणि कार्यालयाने दुसऱ्या अर्थाने लिहिला.

वर्तमानपत्रात ‘पाणीप्रश्न निकाली निघणार’ असं छापून येतं तेव्हा प्रश्न सुटणार असंच आपण समजतो. कुस्तीच्या फडात ‘निकाली कुस्ती’ जाहीर झाली की ती बरोबरीत सुटायची नसते, कुणाची तरी पाठ लागल्याशिवाय पंच थांबत नाहीत. म्हणजे बोलीत ‘निकाली’ म्हटलं की निकाल लागलेला असतो आणि तो काय लागला हेही कळलेलं असतं. कचेरीतलं ‘निकाली’ तेवढं बोलत नाही. ‘न्यायालयाने याचिका निकाली काढली’ या बातमीवरून कोण जिंकलं ते सांगून दाखवा. ‘याचिका फेटाळली’ म्हटलं तर कळतं, ‘मान्य केली’ म्हटलं तरी कळतं. ‘निकाली काढली’ याचा अर्थ एवढाच, की तो कागद आता प्रलंबितांच्या यादीत नाही.

कार्यालय निकाली काढतं ते प्रकरण, म्हणजे कागद. तुमची तक्रार पुढच्या टेबलावर किंवा दुसऱ्या विभागाकडे पाठवली तरी पहिल्या टेबलापुरती ती निकाली निघू शकते. दिवा लागण्याशी त्या क्रियापदाचा थेट संबंध नाही. दिव्याबद्दल बोलायचं तर ‘तक्रारीचे निवारण झाले’ म्हणावं लागेल. निवारण म्हणजे दूर करणं, ते खांबावर चढल्याशिवाय होत नाही. (याच कुळातला आणखी एक वाक्प्रचार आहे, ‘दप्तरी दाखल’. पुण्याला तो अनोळखी नसावा, पेशवे दप्तराचे मोडी कागद इथेच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एके काळी दप्तरी दाखल होणं म्हणजे कागद जपला जाणं. आज कुणी तसं म्हणालं, तर त्या कागदाची आशा सोडावी.)

तुम्हाला खटकलं ते निम्मं ‘निकाली’मुळे आणि निम्मं ‘काढण्यात आली आहे’मुळे, असं मला वाटतं. कुणी काढली? कर्ता गाळण्याची ही रचना सरकारी मराठीत जुनी आहे आणि कागदावर ती फारशी खुपत नसे. पत्राखाली सही असायची, सहीखाली ‘कनिष्ठ अभियंता’ किंवा तत्सम पदनाम असायचं. वाक्यात नसलेला कर्ता पानाच्या तळाशी सापडायचा, त्याला जाऊन भेटता यायचं. मेसेजमध्ये सही गळाली, वाक्य मात्र तसंच राहिलं.

मग साधं ‘पथदिवा दुरुस्त केला’ असं का लिहीत नाहीत? जागा पुरत नाही हे कारण नाही. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं बसतात, रोमन लिपीत १६०. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात, त्यामुळे मराठी मजकूर लवकर भरतो हे खरं. पण मोजून बघा: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ या वाक्याची चिन्हं ३५ होतात, म्हणजे अर्धा एसएमएस. ‘पथदिवा दुरुस्त केला’ची १९.

खरी अडचण साच्याची आहे. दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांनुसार असे घाऊक एसएमएस पाठवायचे तर मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो, बदलणाऱ्या भागापुरत्या मोकळ्या जागा ठेवून. आता मराठीत मोकळी जागा ठेवून पाहा. ‘____ दुरुस्त करण्यात आला आहे’ हे दिव्याला चालेल, पण जलवाहिनी दुरुस्त करण्यात ‘आली’ पाहिजे, झाकण बसवण्यात ‘आले’ पाहिजे, आणि खड्डे अनेक असले तर पुन्हा ‘आले’. आपलं क्रियापद कर्माच्या लिंगवचनामागे धावतं. इंग्रजी नमुना लिहिणाऱ्याला ही डोकेदुखी ठाऊकच नसते. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे कर्म एकदाच पक्कं करून टाकणं. ‘तक्रार’ कायम स्त्रीलिंगी, एकवचनी, दिव्याची असो की ड्रेनेजची. मग ‘काढण्यात आली’ कधीच चुकत नाही. व्याकरण सांभाळलं गेलं आणि दिवा वाक्यातून बाहेर पडला.

यावर उपाय मराठीतच आहे. मोकळी जागा नामाला द्यायची आणि क्रियापद टाळायचं: ‘काम पूर्ण: पथदिवा दुरुस्ती. विद्युत विभाग’ किंवा ‘काम बाकी: नवीन केबल हवी’. लिंगाचा घोळ नाही, आणि सहीची जागा विभागाचं नाव घेतं. १९६४चा राजभाषा अधिनियम आणि स्थानिक प्राधिकरणांसाठीचा २०२२चा कायदा यांमुळे असा मजकूर मराठीत येणं अपेक्षितच आहे. तो कुठल्या मराठीत यावा, हे मात्र नमुना लिहिणाऱ्यावर सोडलेलं दिसतं. आणि तो बिचारा जुन्या फायलीतून वाक्य उचलतो.

आता तुमच्या ‘निकालात काढली’बद्दल. ‘निकालात काढणे’ म्हणजे दखल न घेता झटकून टाकणं, मोडीत काढणं: ‘नव्या समीक्षकांनी त्याला एका ओळीत निकालात काढलं.’ कार्यालय स्वतःच्या कामाबद्दल असं लिहिणार नाही. तुम्ही मात्र त्या मेसेजबद्दल ‘माझी तक्रार निकालात काढली’ असं खुशाल म्हणा, मराठी म्हणून ते निर्दोष आहे. फक्त पुन्हा लिहाल तेव्हा ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहू नका, कार्यवाही झालेलीच आहे! ‘दिवा अजून बंद आहे, तक्रार पुन्हा उघडावी आणि काम कोणत्या विभागाकडे आहे ते कळवावे’ इतकं पुरे.