वाचकांचे प्रश्न : सर्वेक्षण कंपनी कोणाचे हित पाहते?

प्रश्न : आमची कन्या स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन येथील एका सर्वेक्षण व आराखडे करणाऱ्या कंपनीत नुकतीच रुजू झाली आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात माणसांच्या व पर्यावरणाच्या हिताची ग्वाही असून सोबत वृक्षारोपणाची छायाचित्रे आहेत. अशा कंपनीच्या हातून खरोखर काही भले होते, की ही केवळ जाहिरात समजावी?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : वृक्षारोपणाला नावे ठेवण्याचे कारण नाही; पुढची दोन-तीन वर्षे त्या रोपांना पाणी कोण घालणार, एवढे मात्र विचारावे. सर्वेक्षण कंपनीकडून होणारे भले किंवा बुरे ठरते ते तिच्या मोजणीत आणि त्या मोजणीवरून लिहिलेल्या अहवालात, आणि त्याचा दाखला आपल्याला गावातच मिळतो.

शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या काठाची कोतरे, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, पुराचे पाणी काही काळ सामावून घेतात. लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचीची मोजमापे, फार अंतराअंतरावर घेतल्या, तर अशी अरुंद कोतरे कॉन्टूर नकाशात (समान उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशात) उमटतच नाहीत, ती जागा सपाट पडीक जमीन म्हणून दिसते आणि तिच्यावर भराव टाकण्याचा आराखडा कागदावर निर्दोष ठरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातल्या असंख्य घरांत पाणी शिरले, त्याला अतिवृष्टीबरोबरच नदीची अशी आक्रसलेली जागाही कारणीभूत होती. याच नदीत मगरींची वस्ती आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत असलेला हा प्राणी उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालतो आणि पिल्ले पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. पात्र उतरल्यामुळे गाळ काढायला यंत्रे उतरवण्याचा हंगामही नेमका तोच. म्हणून काठाची पाहणी आधी करून घरट्यांच्या जागा नकाशावर दाखवणे आणि त्याप्रमाणे कामाचे वेळापत्रक बदलायला लावणे, हे सर्वेक्षकाचेच काम आहे. ते वनखात्यावर सोपवून मोकळे होता येत नाही.

चोख मोजणीने काय साधते हे पाहायचे, तर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतला, शहराला पाणी पुरवणारा आजव्याचा तलाव आहे. तिथले पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत येईल अशी योजना त्या काळी झाली, ती लेव्हल अचूक असल्यामुळेच.

अडचण आहे ती वेगळीच. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी लागू झाली. परंतु मोठ्या प्रकल्पांचे आघात-अहवाल, म्हणजे पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचे अहवाल, लिहिणाऱ्या सल्लागाराचे शुल्क प्रकल्पाचा मालकच देतो. ज्याच्या पैशाने काम चालते त्यालाच 'येथे बांधू नये' असे लेखी कळवण्याची तयारी कंपनीत आहे का, यावर माझ्या मते तिची खरी पारख होते, आणि ती माहितीपत्रक वाचून होत नाही.

माणसांच्या हिताविषयीही तेच म्हणता येईल. कंपनीची पहिली माणसे म्हणजे वैशाखाच्या उन्हात झुडपांतून स्टाफ (उंची मोजण्याची खुणांची उभी पट्टी) धरून उभे राहणारे मदतनीस, जे बहुधा रोजंदारीवर असतात. त्यांना बूट, पिण्याचे पाणी आणि दुपारची सुट्टी मिळते का, काम सकाळी लवकर सुरू होते का, विमा कोणाच्या नावाने उतरवला आहे, हे आपल्या कन्येला पहिल्याच महिन्यात दिसेल. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने घातले होते. कंपनी ज्या कामांवर देखरेख करते तिथे अशी खोली नकाशात तरी आहे का, हेही तिने पाहावे.

तिला एखादा जुना अहवाल वाचायला मिळाल्यास मालकाला न रुचणारी शिफारस त्यात कुठे आहे आणि अंतिम आराखड्यात ती टिकली का, हे तिने आधी ताडून पाहावे.