जपानी हॉटेलचा ऑर्डर कियॉस्क : हिरवा ठिपका जपून

कियॉस्क म्हणजे गिऱ्हाईक स्वतः ऑर्डर देतं ते यंत्र. त्याच्या पहिल्याच स्क्रीनवर शाकाहारी की मांसाहारी, हे विचारा. कोल्हापूर तांबड्या-पांढऱ्याचं असलं तरी घोळक्यात एखादा वार पाळणारा निघतोच. नवखे इथेच फसतात: भाज्यांचा रामेन (नूडल्सचं सूप) दिसला की हिरवा ठिपका लावून मोकळे. पण नेहमीच्या दाशीत, म्हणजे जपानी सूपच्या मूळ रश्श्यात, बोनिटो माशाचे वाळवलेले काप असतात, त्यामुळे साधं मिसो सूपही शाकाहारी ठरत नाही. कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळिंबी) यांची दाशी वेगळ्या भांड्यात होत असेल, तरच ठिपका द्या.

बटण किमान 2 सेंटिमीटरचं. नावाखाली मराठीत एक ओळ हवीच: ‘दोनबुरी : वाडग्यात भात, वर चिकन किंवा भाजी’.

यूपीआयचे पैसे जमा झाल्याचं पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून) कळल्याशिवाय ऑर्डर स्वयंपाकघरात सोडू नका. मोबाईलवरची हिरवी खूण पुरेशी नाही. प्रिंटरचा रोल संपला, तर टोकन नंबर स्क्रीनवर ठळक दिसू द्या.