साखरपुड्याच्या अंगठीसाठी कर्ज काढावं का?

पुण्याहून एका वाचकाने विचारलंय: हातात येणारा पगार ६२,००० रुपये, बचत २ लाख. मार्गशीर्षात साखरपुडा आहे. एक कॅरटच्या नैसर्गिक हिऱ्याची अंगठी ४ लाख ८० हजारांना पडतेय. ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी घेऊ का? शेवटी हिरा म्हणजे गुंतवणूकच ना?

कर्ज काढू नका. हप्ता सुमारे १०,२५० रुपये बसेल आणि तीन वर्षांत जवळपास ६९,००० रुपये नुसत्या व्याजात जातील. शिवाय ऐन लग्नाच्या तोंडावर बचत संपलेली असेल.

आणि हिरा ही गुंतवणूक नाही. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. हिऱ्याचा प्रत्येक खडा वेगळा, त्याला असा एक भाव नसतो. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका बाईंबरोबर अंगठी मोडायला गेलो होतो. सराफाने सोनं तोललं आणि खडा कागदाच्या पुडीत बांधून परत दिला. "याचे पैसे धरत नाही," म्हणाला. ती पुडी हातात घेऊन त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

कॅरट हे वजन आहे, २०० मिलिग्रॅम. एक कॅरटचा गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो, ५० सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरटचा, पाचाच्या जरा वर. कागदावर दोन्ही वर्तुळं काढून बघा. वजन निम्मं होतं, रुंदी मात्र पाचव्या हिश्श्यानेच घटते. किंमत तर निम्म्याहूनही बरीच खाली येते, कारण मोठ्या खड्याला कॅरटमागे दरच चढा असतो. पैसे घालायचेच तर कटमध्ये, म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत त्यात घाला, चमक तिथून येते. रंगाची श्रेणी जी किंवा एच (जवळपास रंगहीन), क्लॅरिटी म्हणजे आतली स्वच्छता व्हीएस२ (अगदी बारीक दोष) पुरे. त्यापुढचा फरक नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही.

सुरतेत बनणारे लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही खरे हिरेच. गेल्या काही वर्षांत ते खूप स्वस्त झालेत, त्यामुळे मोडीत काही मिळेल ही आशा धरू नका. हौस म्हणून जरूर घ्या.

सव्वा लाखाच्या आत बसवा. बिलात सोन्याचं वजन, हिऱ्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. सर्टिफिकेटवरचा नंबर हिऱ्याच्या कडेवर कोरलेला असेल तर भिंगातून जुळवून बघा. परतीची अट लेखी हवी.

तिला काय आवडेल, हे मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. दुकानात जाण्याआधी तिच्याशी बोला.