मंगळावरच्या रणगाड्याला गंज कुठून?

वाचकांचे प्रश्न : विज्ञानकथेतल्या चिलखती वाहनांची इवली मॉडेलं

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत वाहन छान रंगवून झालंय आणि वेदरिंग करताना, म्हणजे धूळ, गंज, टवके दाखवून ते वापरलेलं भासवताना, बिघडलंय. त्यामुळे रंगसंगतीचे प्रश्न पुढच्या खेपेला.

प्रश्न : माझा २८ मिमी मापाचा (ज्या मापात माणूस साधारण २८ मिमी उंच असतो) तरंगता रणगाडा आहे. तो जमिनीला टेकतच नाही, तर गंज, चिखल, धूळ दाखवायची कुठे? ग्रह लाल वाळूचा आहे, म्हणून गंज भरपूर दाखवावा का?

उलट, कमी दाखवा किंवा दाखवूच नका. वाळू लाल आहे म्हणजे तिथलं लोखंड केव्हाच गंजून बसलंय. नवं लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. मंगळाच्या विरळ हवेत प्राणवायू जेमतेम ०.१६ टक्के, आणि वाहतं पाणी नाहीच. शिवाय चिलखत पोलादाचंच आहे हे कोणी ठरवलं? अ‍ॅल्युमिनियम किंवा सिरॅमिक धरलंत, तर टवका उडाल्यावर खालून प्रायमरचा (रंगाखालच्या पहिल्या थराचा) रंग नाहीतर फिकट करडा दिसेल, तपकिरी नाही. बाटली उघडण्याआधी तीन गोष्टी ठरवून टाका : हवा आहे का, पाऊस पडतो का, कवच कशाचं. पाऊस नसेल तर गंजाचे उभे ओघळ बाद. बाजारातलं निम्मं वेदरिंगचं सामान इथेच वाचतं.

खऱ्या यंत्रांचे फोटो बघा, कल्पित चित्रांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीची चाकं अ‍ॅल्युमिनियमची, ५० सेंमी व्यासाची. त्यांचा पत्रा जागोजागी फक्त ०.७५ मिमी जाडीचा. २०१३ मध्ये त्याला भोकं आणि चिरा पडलेल्या दिसल्या, पण गंज नाही. धूळ बसलीय ती मुख्यतः आडव्या पृष्ठभागांवर, आणि तिचा रंग लालभडक नसून पिवळसर तपकिरी आहे. चंद्राचं गणित वेगळं. तिथे हवाच नाही, त्यामुळे धुरळा तरंगत राहत नाही. चाकाने उडवला की वक्र रेषेत उडून सरळ खाली पडतो. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या गाडीच्या मडगार्डचा तुकडा मोडला तेव्हा अंतराळवीर धुळीने माखले, आणि शेवटी नकाशांचे कागद चिकटपट्टीने जोडून नवं मडगार्ड करावं लागलं. चंद्रावरच्या वाहनावर धूळ दाखवायची तर चाकामागच्या कमानीत, गडद करडी, जाडसर.

आता तुमचा रणगाडा. हवेचा झोत खालून बाहेर पडतो, त्यामुळे सगळ्यात जास्त धूळ खालच्या कडेवर आणि तिच्या वरच्या बोटभर भागात. दुसरी जागा मागची भिंत. पळणाऱ्या वाहनामागे हवेचा दाब कमी होतो आणि धुरळा तिथे ओढला जाऊन चिकटतो. पुढच्या कडांवर मात्र धूळ नको. तिथे वाळूचा मारा बसतो, म्हणून रंग घासून पातळ झालेला दाखवा. तीक्ष्ण टवके नकोत, मूळ रंगाची फिकट छटा कोरड्या ब्रशने कडेवरून ओढली की पुरे. पोटाखालच्या टेकणाऱ्या भागांवर लांबट, एकाच दिशेचे ओरखडे हवेत.

धुळीसाठी फिकट मातकट अ‍ॅक्रिलिक एक भाग, थिनर (रंग पातळ करणारं द्रावण) आठ-नऊ भाग, १२ ते १५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब, आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) खालून वर तिरका धरून तीन-चार हलके फवारे. पहिल्या फवाऱ्यात काही दिसत नाही म्हणून घाई केली की मॉडेल पिठात लोळवल्यासारखं दिसतं. एअरब्रश नसेल तर पिगमेंट पावडर, म्हणजे रंगाची कोरडी पूड, वापरा. तिचा प्रश्न खाली आलाच आहे.

प्रश्न : हेअरस्प्रेने टवके काढायला गेलो. एका मॉडेलवर रंग निघेचना, दुसऱ्यावर अख्खी साल निघून आली. चूक कुठे?

दोन्हींचं मूळ एकच : पाणी रंगाच्या थरातून खाली हेअरस्प्रेपर्यंत किती पोचतं. हेअरस्प्रेचा थर पाण्यात विरघळतो. वरचा रंग पातळ आणि सच्छिद्र असेल तर पाणी झिरपतं, खालचा थर सैल होतो आणि ब्रशने रंगाचा बारीक तुकडा निघतो.

रंग निघत नसेल तर आधी वरचा थर जाड आहे का ते बघा. मग थिनर तपासा. हेअरस्प्रे अल्कोहोलमध्येही विरघळतो, आणि काही अ‍ॅक्रिलिक रंगांच्या थिनरमध्ये अल्कोहोल असतं. असा रंग फवारला की तो हेअरस्प्रेमध्ये मिसळून घट्ट बसतो. या कामापुरता रंग साध्या पाण्यानेच पातळ करा. लॅकर थिनर तर मुळीच नको. तिसरी शक्यता म्हणजे उशीर. रंग हाताला सुकला की १५ ते ३० मिनिटांत काम सुरू करायचं. रात्रभर ठेवलं तर थर कडक होतो.

साल निघत असेल तर संशय दोघांवर : हेअरस्प्रेचा जाड थर किंवा पॉलीयुरेथेन असलेला रंग. पॉलीयुरेथेनचा थर रबरासारखा ताणला जातो, तुटत नाही, म्हणून तुकड्याऐवजी पट्टीच निघते. प्रायमर म्हणून हे रंग उत्तम, टवक्यांना निरुपयोगी.

क्रम असा. खालचा रंग, म्हणजे गंज, धातू किंवा प्रायमरची छटा. त्यावर सॅटिन (अर्धचकाकतं) वॉर्निश, आणि ते चोवीस तास वाळू द्या. हा थर नसेल तर घासताना प्लास्टिकपर्यंत जाल. मग २० ते २५ सेंमीवरून हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. ओला चकाकता थर दिसला तर जास्त झालं. वाळल्यावर तिथे रंगाला जाळीदार तडे जातील. त्यावर वरचा रंग, जेमतेम झाकेल इतकाच. मग एका वेळी एकच छोटा भाग कोमट पाण्याने ओला करा, अर्धा मिनिट थांबा, आणि जुन्या ब्रशचे केस तीन-चार मिलिमीटरवर कापून त्याने टोचा. घासायचं नाही, टोचायचं. बारीक ओरखड्यांना टूथपिक.

टवके कुठे, हे हाताला ठरवू देऊ नका. सैनिक जिथे चढतात ती पायरी, झाकणाची कड, हत्यारांची पेटी, टोईंगचा हूक. सपाट भिंतीच्या मधोमध उडालेला टवका दिसला तर कोणीतरी विचारणारच की इथे काय आपटलं. माप बघा : २८ मिमीचं मॉडेल साधारण १/५६ असतं, म्हणजे मॉडेलवरचा १ मिमी टवका प्रत्यक्षात साडेपाच सेंटिमीटरचा. बहुतेक टवके यापेक्षा पुष्कळ लहान असायला हवेत, आणि तेवढे लहान हेअरस्प्रेने निघत नाहीत. म्हणून मोठे आठ-दहा हेअरस्प्रेने आणि बाकीचे स्पंजने. फाटक्या स्पंजचा वाटाण्याएवढा तुकडा चिमट्यात धरा, गडद तपकिरी रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा, मग कडेला टेकवा.

झालं की पूर्ण वाळवून वॉर्निश मारा. हे राहिलं तर पुढे डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या) पाण्याने टवके पुन्हा जिवंत होतात. हेअरस्प्रेवरच्या रंगाला मास्किंग टेपही लावू नका. टेप काढताना रंग घेऊनच येते. दुरंगी कॅमफ्लाज हवं असेल तर मऊ पुट्टीच्या वळ्या टेकवून फवारा.

प्रश्न : तपकिरी वॉश (खाचा उठावदार करणारा अगदी पातळ रंग) सगळीकडे फासला. वाहन जुनं दिसण्याऐवजी मळकट दिसतंय.

फासला हेच चुकलं. वॉशची जागा खाचांत आणि रिबिटांच्या भोवती, सपाट भागावर नाही. मॅट रंगावर तो पसरतो आणि वाळताना डागांच्या कडा सोडतो. ग्लॉस किंवा सॅटिन वॉर्निशवर मात्र खाचेत आपोआप धावतो. एनॅमल वॉश घ्या, ० नंबरच्या ब्रशचं टोक खाचेला टेकवा आणि सोडून द्या. २०-३० मिनिटांनी व्हाइट स्पिरिटने (एनॅमलच्या थिनरने) दमट केलेल्या ब्रशने कडेचा जास्तीचा पुसा. पुसताना ब्रश वरून खाली ओढलात तर पावसाचा ओघळ फुकटात मिळतो, अर्थात तुमच्या ग्रहावर पाऊस असेल तर. काळा वॉश फक्त जाळ्या आणि इंजिनाच्या झडपांना. हिरव्या-करड्या रंगावर गडद तपकिरी, वाळूच्या रंगावर मध्यम तपकिरी. काम करताना खिडकी उघडी हवी, व्हाइट स्पिरिटची वाफ डोक्यात जाते.

प्रश्न : इंजिनाच्या नळकांड्यांवर तापून उमटलेले निळे-जांभळे रंग खरे वाटत नाहीत.

क्रम उलटा झाला असणार. पोलाद तापतं तेव्हा त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि थराची जाडी वाढते तसा रंग बदलतो : सव्वादोनशे अंशांच्या आसपास फिकट गवती, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या जवळ निळा. म्हणजे सर्वांत तापलेल्या टोकाला निळा आणि लांब, थंड भागाला गवती. बरेच जण पिवळा ज्वालेचा रंग समजून तो तोंडाशी देतात, आणि तिथेच फसतं.

चकचकीत धातूच्या रंगावर पारदर्शक शाई वापरा, मॅट करड्यावर यातलं काही दिसणार नाही. आधी गवती सगळीकडे, मग टोकाकडे सरकत तपकिरी, जांभळा, निळा, प्रत्येक पट्टा आधीच्यापेक्षा अरुंद. निळा पट्टा दीड-दोन मिलिमीटरच. अगदी ओठावर काजळी : काळी पिगमेंट कोरड्या ब्रशने आतून बाहेर. आणि एकाच जोडीतली दोन नळकांडी थोडी वेगवेगळी करा.

चालणाऱ्या यंत्रांच्या पायांबद्दलही याच पत्रात विचारलंय. तिथे एक जागा हमखास चुकते, ती म्हणजे पिस्टनचा दांडा. सिलिंडरच्या तोंडाशी असलेलं सील दर हालचालीला दांडा पुसून काढतं. त्यामुळे पाय चिखलात बरबटला तरी दांडा लख्ख चंदेरी, आणि सीलजवळ काळ्या ग्रीसचं बारीक कडं. कडं चकाकतं ठेवा, त्यावर मॅट वॉर्निश नको.

प्रश्न : एनॅमल वॉश लावल्यावर पायाचा सांधा आपोआप तुटला.

प्लास्टिक बहुधा एबीएस आहे. घट्ट बसवलेल्या सांध्यात प्लास्टिक ताणाखाली असतं. थिनर त्यातल्या सूक्ष्म चिरांत शिरतं आणि चिरा वाढतात. पॉलिस्टायरीनलाही थिनरचं तळं साचलं तर हे होतं. उपाय कामाआधीचा : सांधे सुटे करून रंगवा, आतून वॉर्निश द्या, वॉश थेंबाने लावा, ओतू नका. एबीएसच्या सांध्यांना पाण्याचा वॉश बरा. तुटलेल्या पायात १ मिमीचं भोक पाडून पितळी तार घाला आणि सुपरग्लूने जोडा. नुसता चिकटवलात तर पुन्हा तुटेल.

प्रश्न : पिगमेंटची धूळ सुंदर बसली होती, मॅट वॉर्निश मारलं आणि गायब झाली.

कोरडी पावडर फिकट दिसते कारण तिच्या कणांमध्ये हवा असते. वॉर्निश त्या फटी भरतं, पावडर गडद आणि अर्धपारदर्शक होते. म्हणून मॅट वॉर्निश आधी, पिगमेंट सगळ्यात शेवटी. पक्की करायला व्हाइट स्पिरिटचा थेंब ब्रशच्या टोकाने बाजूला टेकवा. तो स्वतःहून पसरतो. पावडरीवर ब्रश फिरवला तर ती वाहून जाते. लगेच गडद दिसेल, वाळली की परत उजळते. खेळातलं मॉडेल सतत हाताळलं जाणार असेल तर एवढ्याने टिकणार नाही. तिथे पावडर मॅट मीडियममध्ये (बिनरंगाच्या मॅट अ‍ॅक्रिलिकमध्ये) कालवून स्पंजने टोचा, रंग दोन छटा फिकट धरून.

प्रश्न : डेकलखाली चंदेरी झाक दिसते.

मॅट पृष्ठभागाच्या खडबडीत हवा अडकलीय. सुईने चार-पाच भोकं पाडा, डेकल मऊ करणारं द्रावण लावा, ते सुरकुतेल तेव्हा हात लावू नका. वाळताना सपाट होतं. पुढच्या वेळी आधी ग्लॉस वॉर्निश.

प्रश्न : ६ मिमी मापाच्या वाहनांवर हे सगळं करावं का?

बहुतेक नाही. या मापात १ मिमी म्हणजे जवळजवळ ३० सेंटिमीटर, त्यामुळे स्पंजचे टवके भिंतीला भगदाड पडल्यासारखे दिसतात. मूळ रंग नेहमीपेक्षा दोन छटा फिकट घ्या, एक वॉश द्या, वरच्या कडांवर कोरडा ब्रश फिरवा आणि खालच्या कडेला धुळीचा एक पट्टा. दहा वाहनांची तुकडी असेल तर प्रत्येक पायरी सगळ्यांवर एकदम करा. दहावं वाहन होईपर्यंत पहिलं वाळलेलं असतं.