पॉटर, पतसंस्था आणि कॅश शॉर्ट

प्रश्न : ताई, नाताळच्या सुट्टीत नातवंडं आली की आमच्याकडे ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा १९४६ सालचा अमेरिकी चित्रपट लावायची पद्धत पडली आहे. यंदा पुण्याचा भाचा म्हणाला, हा कम्युनिस्टांचा प्रचार आहे, एफबीआयनंच, म्हणजे अमेरिकेच्या तपास यंत्रणेनंच, तशी नोंद केली होती. गावचा धनाढ्य पॉटर म्हणजे भांडवलशाही, नायक जॉर्ज म्हणजे कामगार पुढारी. पार घंटेपर्यंत सगळ्याचा अर्थ लावून झाला. मजाच गेली. यात खरं किती?
— एक निवृत्त शिक्षक, तासगाव

उत्तर : सर, नोंदीबद्दल भाचा थाप मारत नाही. १९४७ सालच्या एफबीआयच्या कागदांत ते आहे. पॉटर झालेल्या लायनेल बॅरीमोर या नटाला सगळ्यांना नकोसा वाटेल असा खडूस धनको करून बँकवाल्यांची बदनामी केली, आणि ही कम्युनिस्टांची नेहमीचीच युक्ती, असं खबऱ्यांचं म्हणणं. दिग्दर्शक फ्रँक काप्रा रिपब्लिकन विचारांचा, आणि महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी प्रचारपट काढणारा! खडूस सावकार दाखवला की कम्युनिस्ट, असं असेल तर आपले निम्मे ग्रामीण चित्रपट पोलिसांत जमा करावे लागतील.

जॉर्ज कामगार पुढारी मात्र नाही हो. तो चालवतो ती सरळसरळ आपली पतसंस्था. दहा जणांच्या ठेवी घ्यायच्या, अकराव्याला घरासाठी कर्ज द्यायचं. सावकाराला असा पर्याय काढणं हे बंड असेल, तर १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा करणारं कर्झनच्या काळातलं सरकारही लाल म्हणायचं.

मी सांगलीत एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं कॅश सांभाळली. त्यामुळे चित्रपटात घाबरलेले लोक जॉर्जच्या संस्थेतून पैसे काढायला धावतात तो प्रसंग मला बसून बघवत नाही. आमच्याकडेही एकदा अफवा उठली. शटर वर जायच्या आधीच रांग रस्त्यावर. मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “सावकाश मोजा. प्रत्येक बंडल दोनदा.” मी बोट ओलं करत मोजत राहिले आणि डोळा घड्याळावर. हळदीच्या अडतीत काम करणारी एक आजी पुढे आली. नखांत पिवळं भरलेलं, पासबुकालाही तोच रंग. म्हणाली, “पैसं नगंत बाई, नुसतं दाव.” काचेला टेकवून बंडल दाखवलं. तिनं बघितलं आणि गेली.

चित्रपटात जॉर्ज मधुचंद्राचे दोन हजार डॉलर काउंटरवर ओततो. एक जण अख्खे २४२ मागतो, एक बाई साडेसतराच. सहा वाजता दार लागतं तेव्हा दोन डॉलर उरलेले. तिकडे पॉटर लोकांचे शेअर रुपयाला आठ आणे भावानं उचलायला बसलेला. राजकारण शोधायचं तर सर, इथं शोधा. घाबरलेल्याचा कागद निम्म्यात कोण घेतो, हे आपल्या भागात कुणाला शिकवायला नको. घंटा वाजली की देवदूताला पंख मिळतात, ते सोडून द्या, ती लहान मुलांची सोय आहे.

आता माझी तक्रार. जॉर्जचा बिलीकाका संस्थेचे आठ हजार डॉलर हरवतो, आणि जॉर्जवर अटकेची पाळी येते. पॉटर ते दाबतो, आणि शेवटपर्यंत त्याच्या केसाला धक्का लागत नाही. त्या काळच्या हॉलीवूडमध्ये गुन्हेगाराला असं मोकळं सोडायची सहसा मुभा नव्हती, म्हणून हे जास्त डाचतं. पण त्याहून वाईट म्हणजे रक्कम कुणाच्या हाती दिली, पावती कुठं, हे गावातलं कुणी विचारत नाही. जॉर्ज चांगला माणूस, विषय संपला. माझ्या कॅशमध्ये एकदा चारशे रुपये शॉर्ट आले, ते पगारातून गेले. बरोबरच होतं ते. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून ठेवी ठेवलेले आणि नंतर त्याच्याच वाड्यासमोर बसलेले लोक मी पाहिलेत. कम्युनिझमपेक्षा मला या चांगुलपणाचीच जास्त भीती वाटते.

भाच्याला शेवट परत दाखवा. शेजारीपाजारी टोपलीभर वर्गणी आणतात, शेरीफ वॉरंट फाडतो. आणि हिशेब तपासायला आलेला अधिकारी? तोही खिशात हात घालून वर्गणी टाकतो! ऑडिटरच! मी प्रत्येक वेळी तिथं ओरडते, आणि आमचे हे भडंगाची वाटी माझ्यापासून लांब सरकवतात.